करीसाठी आभार

क्रॉयडनला ट्रॅममध्ये होते तेव्हा अनंतकाकांचा फोन आला. "विजू गेली गं," एवढंच म्हणाले. विजूमावशी, माझ्या आईची धाकटी बहीण; अनंतकाका तिचे यजमान. साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलात एक्स-रे काढायची आणि तिथल्या पबमध्ये ब्लूज गिटार वाजवायची. तिच्याआधी तिथे कुणी बाई गिटार घेऊन बसली नव्हती, मराठी तर नाहीच. दुःख झालं... पण हे लिहायला बसवलं ते रागाने.

पिनरच्या हॉलमध्ये मराठी मंडळाची शोकसभा झाली. कुणी तिला कुटुंबवत्सल म्हणालं, कुणी गृहकृत्यदक्ष, एका काकूंनी तर सुगरण करून टाकलं. मावशीला साधं वरण जमत नसे. घरातला स्वयंपाक काकांचा. गिटारबद्दल एकच वाक्य आलं, "त्यांना संगीताची आवड होती." आवड म्हणे.

पुण्यात कॉलेजात असताना ती मांडीवर आडवी धरून हवाईयन गिटार शिकली. लग्न होऊन इथे आल्यावर कळलं, बंदराजवळच्या एका पबमध्ये रविवारी दुपारी ब्लूजवाले जमतात. गिटार घेऊन एकटी गेली. बँडचा म्होरक्या, त्याला इथे रे म्हणू, तिला म्हणाला, "नवरा कधी येतोय वाजवायला?" ती बसली, स्टीलचा बार तारांवरून सरकवला, आणि लहानपणी गाणं शिकताना गळ्यात बसलेली मींड तारांतून काढली. असं वाजवणं तिथे कुणी ऐकलं नव्हतं. पुढे कित्येक वर्षं रेचा बँड तिच्या गिटारवर चालला.

मग रेकॉर्ड निघाली. कव्हरवर रेचा फोटो, हातात मावशीची गिटार. मागे वादकांची नावं, त्यात ती नाही. अगदी तळाशी बारीक अक्षरात, 'विजूचे आभार, करीसाठी.' ती करीसुद्धा काकांनी केलेली.

मी तेव्हा शिकायला तिच्याकडे राहत होते. ती रेकडे गेली तेव्हा बरोबर गेले. "माझं नाव घाल," ती म्हणाली. तो हसला. "साडीतल्या बाईने हे वाजवलंय म्हटलं तर लोकांना गंमत वाटेल, विजू. चिडू नकोस."

"चिडले नाहीये. निघालेय," ती म्हणाली, आणि पुन्हा त्या बँडबरोबर वाजवलं नाही.

आपल्या लोकांनी तरी काय केलं... एकदा गणपतीत वाजवायला बोलावलं आणि वर सांगितलं, "ताई, काहीतरी आपलं वाजवा." "हे माझंच आहे," मावशी म्हणाली. पुढच्या वर्षी बोलावणं आलं नाही.

ती एकटी वाजवत राहिली. शनिवारी घरी मुलींना शिकवायची, ज्या येतील त्यांना. त्यातली केटी आज मोठमोठ्या स्टेजवर वाजवते आणि दरवेळी मावशीचं नाव घेते. फ्युनरलला तिनेच वाजवलं. बाहेर आल्यावर मंडळाच्या सेक्रेटरींनी मला विचारलं, "ही गोरी मुलगी कोण? विजूताईंची नर्स का?" मी उत्तर दिलं असतं तर वाईट दिसलं असतं.

परवा साउथहॅम्प्टनला गेले. जेवण झाल्यावर काका उठले आणि त्यांनी फ्रिज बंद केला. वाजवताना त्याची घरघर मावशीला चालत नसे, म्हणून रोज दुपारी ते तो बंद करत.

"काका, आता कशाला?"

"तिची वेळ झाली," ते म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. मीही बसले.