चालत नाही, एवढंच म्हणायचं होतं

सकाळी धुकं असं उतरलं होतं की फाटकातून डोळ्यांच्या दवाखान्याची इमारत दिसत नव्हती. बाकावर बसलेल्या म्हाताऱ्यांना तेवढीच गंमत. "आज आपल्यालाच नाही बाबा, सगळ्या जगाला मोतीबिंदू झालाय," एक जण म्हणाला आणि अख्खा बाक हसला. खटपटे हसला नाही. हवा दमट आहे म्हणजे आत मशीनं कुरकुरणार, हे त्याच्या मनात आधी आलं.

खटपटे हे त्याचं आडनाव नव्हे. आडनाव पगाराच्या कागदावर होतं आणि तिथंच राहिलं होतं. दवाखान्यात ते कुणाला ठाऊक नव्हतं, आणि आता तर खटपटे म्हटल्याशिवाय त्याचीही मान वळत नसे.

त्याचं सकाळचं काम म्हणजे कॉम्प्युटर उठवणं. चालू करणं नव्हे, उठवणं. नोंदणीच्या खिडकीवरचं मशीन पहिल्या हाकेला ओ देत नसे. बटण दाबायचं, बंद करायचं, जरा दम धरायचा, पुन्हा दाबायचं. औषधाच्या काउंटरवरचं आधी पंख्याचा आरडाओरडा करी, मग निवळे. तपासणीच्या खोलीतलं काळा पडदा ओढून रुसून बसे, त्याची दोन कळा एकदम दाबून समजूत काढावी लागे. लेकराचं काय दुखतंय हे आईला जसं न सांगता कळतं, तसं हे त्याला कळे. दुसऱ्या कुणालाच कळत नसे, आणि खरं दुखणं तिथंच होतं.

मशीनं सगळी धर्माची. कुणा ऑफिसनं टाकलेली, कुणाच्या घरात अडगळ झालेली. धर्माची गाय, तिला दात का नाहीत हे कोण विचारणार? पहिलं जुनं खोकं आलं तेव्हा दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरबाईंनी काळजीनं विचारलं होतं, "खटपटे, हे चालेल का हो?" आणि हा छाती काढून म्हणाला होता, "बाई, काहीही येऊ द्या. चालवून दाखवतो."

बाईंनी तो शब्द पदराला गाठ मारून ठेवला. तेव्हापासून मशीन निवडून घ्यायचं असतं ही गोष्टच दवाखाना विसरला.

कॉम्प्युटर चालवणारी लिनक्स नावाची प्रणाली फुकट मिळते खरी, पण तिची घराणी, म्हणजे डिस्ट्रिब्युशनं, पुष्कळ. गाभा तोच, वळणं निरनिराळी. कुणी कमी खाणारं, कुणी नव्या चालीचं, कुणी वर्षानुवर्षं जागचं न हलणारं. शहाणा माणूस एक घराणं धरतो आणि त्याच्याशी पटेल असंच मशीन शोधतो. खटपटेनं उलटं केलं. दारात जे मशीन येईल त्याला जे मानवेल ते घातलं. नोंदणीच्या मशीनला मेमरी तोकडी म्हणून लुबुंटू. औषधाच्या काउंटरला सारखे बदल नकोत म्हणून डेबियन. तपासणीच्या खोलीतलं ग्राफिक कार्ड अडून बसलं म्हणून फेडोरा. बाईंना सोपं पडावं म्हणून मिंट. वर प्रत्येकाला आपल्या हातचं एकेक ठिगळ. शिंप्यानं गिऱ्हाइकागणिक वेगळं शिवावं आणि मापं मात्र त्याच्या एकट्याच्या बोटांत राहावीत, तशातली गत. "खटपटेकाका म्हणजे जादूगार," असं सगळे म्हणत. त्या कौतुकात तो कित्येक वर्षं मजेत होता. मजेमजेतच दार बाहेरून बंद झालं.

बायको लेकीच्या बाळंतपणाला गेली ती तिकडचीच झाली. लेक नोकरीवाली, नातीला सांभाळायला घरात माणूस हवं. यानंही इथलं आवरून तिकडं जायचं असं ठरलं होतं. ते ठरलेलंच राहिलं. नात पालथी पडली, रांगली, उभी राहिली. आता ती फोनवर आबाला बघून झालं की फोनच्या मागं डोकावायची, आबा कुठं दडलाय ते शोधायला.

"कधी येताय?" बायको रोज विचारी.

"अगं, माझ्या जागी माणूस मिळाला की निघतोच."

"माणूस कशाला मिळायला हवा? तुम्हाला तिथं दाव्याला बांधलंय का?"

"मशीनं बंद पडतील."

"पडू द्यात. तुमच्या आधी लोकांचे डोळे तपासतच नव्हते वाटतं! सवत बाई असती तर झिंज्या तरी उपटल्या असत्या मी. त्या खोक्यांचं काय उपटू?"

"वायर," तो म्हणाला.

ती हसली. पण हल्ली तिच्या हसण्याला शेपूट नसे. हसू एकदम तुटायचं.

माणसं येऊन गेली. कुणी एक दिवस टिकलं, कुणी जेवायला म्हणून गेलं ते आलंच नाही. मग एक इंजिनीअर मुलगी आली. तिनं एकेका मशीनपुढं बसून शांतपणे सगळं बघितलं, खुर्ची मागं घेतली आणि म्हणाली, "काका, हा दवाखाना नाही, संग्रहालय आहे."

"चालतं पण सगळं," खटपटे म्हणाला.

"तुम्ही आहात म्हणून चालतं. मला ही जागा आवडलीय, मी येईन. पण अट एकच. सगळी मशीनं एका जातीची हवीत, त्यांच्यावर लिनक्सचं डिस्ट्रिब्युशन एकच, आणि खोक्यातून काढल्यावर आपणहून चालणारी. ठिगळ एकही नको."

"आणि ठिगळाशिवाय भागलंच नाही तर?"

"तर मी तुमच्यासारखी अडकेन. मला नाही अडकायचं."

त्याला राग यायला हवा होता. आला नाही. इतकी वर्षं जे पोटात होतं ते एका परक्या पोरीनं सरळ तोंडावर बोलून टाकलं होतं. तो तसाच उठून बाईंकडे गेला.

बाई समजूतदार. म्हणाल्या, "तुमचं बरोबर आहे. एकदाच काय ते नीट घेऊ. तुम्ही निवडा."

मग तो जुनी ऑफिसमशीनं विकणाऱ्या गोदामवाल्याकडे गेला, खिशात एक पेनड्राइव्ह घेऊन. मशीनच्या पोटातल्या डिस्कला हात न लावता नुसत्या पेनड्राइव्हवरून लिनक्स उठवायचं आणि घ्यायच्या आधीच बघायचं: वायफाय सापडतं का, आवाज येतो का, पडदा नीट दिसतो का, प्रिंटर ओळखतं का.

गोदामवाला खुर्चीत रेलून मजा बघत होता. "मास्तर, मुलगी बघायला आलात का? चालून दाखव, गाऊन दाखव!"

"झोपवलं की नीट उठतंय का, तेही बघणार आहे."

"लग्नाआधीच?"

"लग्नानंतर कळून उपयोग काय?" खटपटे म्हणाला, आणि गोदामवाला इतका हसला की त्याला ठसका लागला.

चमकदार होती ती दोन-चार नापास झाली. कोपऱ्यात एकाच बनावटीचा एक गठ्ठा होता, कुठल्याशा मोठ्या ऑफिसातून निघालेला. रंग उडालेला, रूप बेताचं. पण पेनड्राइव्ह लावला की एकूण एक मशीन मुकाट्यानं उठलं. सगळ्यांवर डेबियनच बसणार होतं; एकदा बसवलं की वर्षानुवर्षं बघायला नको. खटपटेची बोटं कीबोर्डवर थांबून राहिली, त्यांना करायला काही उरलंच नव्हतं. त्याला हलकं वाटलं. आणि कुठंतरी, सांगायला नको, थोडं अपमानासारखंही वाटलं.

गोदामाच्या दारातूनच त्यानं बायकोला फोन लावला. "येतो. पुढच्या महिन्यात."

"खरंच?"

"मशीनं निवडली मी. ती मुलगी यायला तयार आहे."

"नातीला सांगू मग? मागाहून शब्द फिरवाल तर बघा. तिला आता कळतं सगळं."

"सांग."

गोदामवाल्याचा टेम्पो यायच्या आधी देणगीदाराची गाडी आली. या दवाखान्यात डोळे बरे झालेला एक मोठा माणूस. त्यानं न विचारता नवी कोरी मशीनं धाडली होती. पांढरी, पाटीसारखी सपाट, सगळं काही पडद्याच्याच पोटात. सोबत त्याचा भाचा. पेशंटसुद्धा उठून बघायला आले.

बाईंनी खटपटेला बाजूला घेतलं. "तोंडावर नाही म्हणवत नाही हो. पण शब्द तुमचा. नीट चालली तर ठेवू. नाही चालली तर ते परत नेतील आणि आपण गोदामातली घेऊ. तुम्ही 'चालत नाही' म्हणालात तर मी पुढं एक प्रश्न विचारणार नाही."

त्यानं एका मशीनवर पेनड्राइव्ह लावून आतल्या वायफाय चिपचा नंबर काढला आणि त्या मुलीला फोनवर वाचून दाखवला. ती म्हणाली, "काका, ही चिप चालवणारा ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यात नाही. बाहेरून आणून बसवावा लागतो, आणि एखादा अपडेट आला की निखळतो. ही घेतलीत तर मला हिशोबात धरू नका."

आता काही गुंता राहिला नव्हता. दोन शब्द बोलायचे, की गाडी परत, टेम्पो आत, आणि हा बाहेर.

दुपारी बाहेरच्या हॉलमध्ये, सगळ्यांदेखत, तो मशीनपुढं बसला. डेबियन उठलं. पडदा झकास दिसला. वायफायच्या जागी काहीच नव्हतं. तारेनं जोडावं तर तार खुपसायला जागाच ठेवलेली नव्हती.

"वायफाय दिसत नाही," खटपटे म्हणाला. अर्धं काम झालं.

"म्हणजे चालत नाही?" भाच्यानं विचारलं. चांगला पोरगा होता, तोंड उतरलं त्याचं. "मामांना वाईट वाटेल. बरं, करतो पॅक."

भाचा खोक्याकडे वळला. खटपटेनं तोंड उघडलं. जिभेवर 'चालत नाही' होतं. बाकावरच्या एका म्हातारीनं शेजारणीला सांगितलं, "याला नाही जमलं बाई."

"एक मिनिट," खटपटे म्हणाला.

हे त्यानं म्हटलं की त्याच्या हातांनी, ते त्याचं त्यालाही नंतर सांगता आलं नसतं. खिशातला फोन वायरनं मशीनला जोडला गेला, फोनचं इंटरनेट मशीनला मिळालं. ड्रायव्हर कुठं मिळतो ते बोटांना माहीत होतं. काळ्या खिडकीत अक्षरांच्या ओळी धावायला लागल्या. मध्येच एका ओळीत अडलं. तेव्हा तर तो पुढंच वाकला, ओठ दुमडून, मांजर उंदराच्या बिळापुढं बसतं तसा. दवाखाना नव्हता, बायको नव्हती, नात नव्हती. अडलेली एक ओळ होती. ती त्यानं सोडवली.

पडद्याच्या कोपऱ्यात वायफायची पंख्यासारखी खूण उमटली.

टाळ्या पडल्या. भाच्यानं त्याचा हात धरून गदागदा हलवला. म्हातारी म्हणाली, "जमलं गं!"

बाई टाळ्या वाजवत नव्हत्या. त्या खटपटेकडे बघत होत्या. हळूच म्हणाल्या, "आणि अपडेट आला की?"

"मी आहे ना," खटपटे म्हणाला.

बोलून गेल्यावर त्याला ते ऐकू आलं. बाईंनी अजून काहीतरी म्हणावं अशी त्यानं वाट बघितली. एक प्रश्न विचारावा, रागवावं, 'खटपटे, वेड लागलंय का' म्हणावं. पण भाचा बाकीची खोकी आत आणायला लागला होता, आणि बाई खोकी ठेवायला जागा दाखवायला गेल्या.

जिन्याखाली उभं राहून त्यानं फोन लावला.

"आवाज असा का?" बायकोनं विचारलं.

"नवी मशीनं आली. दानात."

पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज झाला.

"चालवलीत ना?"

"हो."

त्याला वाटलं आता ती बोलेल, टोमणा मारेल, सवतीवरून काही काढेल. त्यासाठी त्यानं उत्तरसुद्धा तयार ठेवलं. ती म्हणाली, "कुकर लावलाय. बंद करून येते." तो कानाला फोन लावून उभा राहिला. बऱ्याच वेळानं फोन आपोआप कटला.

"काका! अहो काका!" नोंदणीच्या खिडकीतली बाई ओरडत होती. "प्रिंटरनं कागद गिळला. रांग बघा केवढी!"

खटपटे आत गेला. प्रिंटरची वीज बंद केली, मागचं झाकण उघडलं, आणि फाटू नये म्हणून दोन्ही हातांनी, हळूहळू, चुरगळलेला कागद बाहेर ओढायला लागला.