बाईंनी मशीनवर सोपवलेलं काम

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी मोहोपाड्याजवळच्या एका रसायन कारखान्यात, कॉम्प्युटर विभागात होते. घर कर्जतकडे, पोशीरला. बाळंतपणाची रजा संपवून कामावर परतले तेव्हा मुलगी अजून अंगावर पीत होती.

तपासणीचा दाखला असल्याशिवाय कारखान्यातला माल फाटकाबाहेर जात नसे, आणि ते दाखले आमचे प्रोग्राम छापत. कुठे एखादी ओळ बदलली तरी सगळे प्रोग्राम एकामागून एक कंपाइल करायचे, म्हणजे आम्ही लिहिलेलं मशीनला चालवता येईल अशा रूपात आणायचं. एक झाला की दुसऱ्याची आज्ञा टाइप करायची. मधल्या वेळात नुसतं बसून राहायचं. त्यात माझी कर्जतची एस.टी. चुकायची. घरी पोचले की सासूबाई म्हणायच्या, "पोर आत्ताच झोपली हाय गं. तू जेव आदी." त्या रागावत नसत, तेच जास्त लागायचं.

आमच्या विभागप्रमुख साताऱ्याकडच्या होत्या. सगळे त्यांना बाईच म्हणत. एका दुपारी माझा ब्लाउज दुधानं ओला झालेला त्यांनी पाहिला.

"नुसतं ओळीनं टाइप करायला तू थांबतेस?" त्यांनी विचारलं.

"हो बाई."

"मग ते मशीनला करू दे की."

त्या आठवड्यात त्यांनी सगळ्या आज्ञा क्रमानं एका फाइलमध्ये लिहिल्या. ती एकदा सुरू केली की पुढचं आपोआप व्हायचं. कुठे अडलं तर मशीन थांबायचं आणि कोणत्या प्रोग्रामवर अडलं ते लिहून ठेवायचं. शेवटी तयार झालेले प्रोग्राम फ्लॉपीवर उतरायचे. प्रत्येक वेळी नवी फ्लॉपी. जुनी पुसायची नाही, तारीख घालून कपाटात ठेवायची.

बाईंच्याही वरचे, कारखान्याचे मॅनेजर साहेब, त्यांना ते पटलं नव्हतं. "मूळ प्रोग्राम आहेत ना? त्यावरून परत बनवता येतं की."

"बनवायला दिवस जातो, साहेब," बाई म्हणाल्या. "गाड्या उभ्या असताना तो दिवस कुठून आणायचा?"

मला पुन्हा वेळेवर एस.टी. मिळू लागली. मुलगी जागी असताना मी घरी पोचू लागले.

मग एकदा बाई कामासाठी मुंबईला गेल्या होत्या आणि नव्या प्रोग्राममधून दाखले छापले गेले ते शेवटचा रकाना कोरा ठेवून. बंदरावर जायचे ट्रक फाटकाशी खोळंबले. साहेब येऊन माझ्या मागे उभे राहिले. मी कपाटातून आधीची फ्लॉपी काढली, तिच्यातले तयार प्रोग्राम मशीनवर चढवले. प्रिंटर खडखडायला लागला आणि रकाना भरलेला दाखला बाहेर आला. साहेबांनी तो नीट वाचला, मान हलवली आणि स्वतःच फाटकावर घेऊन गेले. नव्या प्रोग्राममधली चूक मी दुसऱ्या दिवशी सावकाश शोधली. साहेबांनी नंतर फ्लॉप्यांसाठी कुलपाचं वेगळं कपाट मागवलं.

पुढे बाई निवृत्त झाल्या. निरोपाच्या चहाला मी त्यांना बाजूला घेतलं आणि म्हटलं, "माझं लेकरू मला संध्याकाळी जागं भेटलं, ते तुमच्यामुळे."

"काहीतरीच," त्या म्हणाल्या. "मलाच टाइप करून कंटाळा आला होता."

पण माझा हात त्यांनी बराच वेळ सोडला नाही.