वेशीतून चालवलेला बाप

माझ्या बापाच्या गळ्यात बैलाची घागरमाळ घातली. कपाळाला बैलाचं बाशिंग बांधलं. आणि त्याला वेशीतून चालवलं. मागून चाबूक. अख्खा गाव हसत होता. बायकासुद्धा. मी पंधरा वर्षांची, बैलांच्या नैवेद्याचं ताट हातात धरून उभी.

गुन्हा काय? आम्ही बौद्ध. आमच्या दावणीला पहिल्यांदाच घरची बैलजोडी आली होती. पोळ्याला वेशीच्या तोरणाखालून आधी मानकऱ्याची जोडी जाते. मग पोळा फुटतो, मग बाकीच्यांचे बैल. आमची जोडी पार शेवटी उभी होती. कुणीतरी फटाका लावला. बैल बुजले, बाबांच्या हातातला कासरा सुटला आणि बैल मानकऱ्याच्या जोडीआधीच थेट तोरणाखालून पलीकडं. मुक्या जनावराला काय कळतो कुणाचा मान!

मानकऱ्याचा पुतण्या म्हणाला, "बैल पुढं गेला ना? मंग तू बी बैलच. चल."

बाबा चालले. एक शब्द न बोलता चालले. चाबकापेक्षा मला तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी गिरणीवाल्यानं आमचं दळण परत केलं. हापशावर आईची घागर लाथाडली. घरावर दगड आले आणि दगडांमागून आवाज आला, "पोरगी उचलून नेऊ." पोरगी म्हणजे मी. मी दाराला आतून मुसळ लावलं. आईनं बैल चुलत्याच्या हवाली केले आणि उजाडायच्या आत आम्ही गाव सोडलं.

आधी गेलो शिरड शहापूरला, आत्याकडं. तिनं पोटभर जेवू घातलं. ताटं उचलता उचलता रडायला लागली. "दादा, तुमचे दाजी हितं पाटलाकडं सालानं हायेत. पाटलाचं सोयरपण तुमच्याच गावात हाय. कसं ठिवू तुमाला?" मला तिचा राग आला नाही. तीही आमच्याइतकीच भ्यालेली होती.

मग हिंगोली. विहारातल्या लोकांनी मागची खोली दिली. परदेशातून पळून आलेली माणसं आसरा मागतात, असं ऐकलं होतं. आम्ही तर आपल्याच मुलखात, आपलीच भाषा बोलत आसरा मागत फिरत होतो. रस्त्यावर मोटारसायकल थांबली की मला वाटायचं, आलेच. परसाकडंही मी एकटी जात नव्हते.

बाबा आमच्या गावच्या ठाण्यात जाऊन आले. फौजदार म्हणाले, "बैलावरून केस करतोस का? गावात राहायचंय ना? मिटवून घे." विहारातल्या लोकांनी मग आम्हाला एका वकिलांकडं नेलं. म्हातारे, आमच्यातलेच. ते म्हणाले, "काय झालं ते जसंच्या तसं सांगा."

"बैलाला मारलं, साहेब. शिव्या देल्या," बाबा म्हणाले.

"आणखी?"

"आणखी काही न्हाई."

आमचे बाप्ये असेच. जनावरावरचा मार सांगतील, स्वतःचा गिळून टाकतील. वकिलांनी पेन खाली ठेवला. "एवढ्यावर मी पोलिसांच्या वरच्या साहेबांकडं काय घेऊन जाऊ?"

बाबा उठले. चला म्हणाले. मला पुढचं सगळं दिसलं. आता गावात परत जायचं. तेच दार, तेच दगड आणि तो आवाज. माझे दात वाजायला लागले. तसेच वाजत असताना मी बोलले.

"खोटं हाय. बैलाला न्हाई, बाबाला हाकललं."

घागरमाळ सांगितली. बाशिंग सांगितलं. कुणी बांधलं, चाबूक कुणाच्या हातात होता, कुणी जातीचं नाव घेऊन काय म्हटलं, सगळं. बाबा निघून बाहेर पायरीवर जाऊन बसले. त्यानंतर कितीतरी महिने ते माझ्याशी बोलले नाहीत.

वकिलांनी वरच्या साहेबांचं दार ठोठावलं तेव्हा कुठं ॲट्रॉसिटीचा गुन्हा दाखल झाला. केस परभणीला उभी राहिली, हिंगोली जिल्हा अजून वेगळा व्हायचा होता. आरोपी सगळे पांढऱ्याशुभ्र कपड्यांत बाकावर बसलेले. मी साक्षीच्या पिंजऱ्यात. त्यांच्या वकिलानं विचारलं, "वडिलांना बैलासारखं चालवलं म्हणतेस? कसं ते कोर्टाला चालून दाखव बरं."

मागं कुणीतरी हसलं.

सांगितलं की करायचं, हीच आमची सवय. माझा एक पाय खरंच उचलला गेला होता. बाबा समोरच बसले होते. त्यांनी मान खाली घातली. मी पाय खाली ठेवला. जज्जसाहेबांकडं बघून बोलले.

"म्या चालून दाखवणार न्हाई. ज्यांनी चालवलं ते तिथं बसलेत. त्यांना म्हणा दाखवा."

जज्जसाहेब वकिलाला म्हणाले, "पुढचा प्रश्न विचारा."

गावचे साक्षीदार फुटले. कुणी काही पाहिलंच नव्हतं म्हणे. हसताना मात्र सगळे होते. आरोपी सुटले. कोर्टाबाहेर त्यांच्या गळ्यात हार पडले, गुलाल उधळला. बाबा इतक्या दिवसांनी माझ्याशी बोलले.

"संपलं का आता?"

"न्हाई. वरच्या कोर्टात जाऊ."

"अन् मारून टाकलं तर?"

मी त्यांच्या हातातली कागदांची पिशवी घेतली आणि चालू लागले. मी आजही भिते, आणि ते लपवत नाही. पण त्या गावात माफी मागत परत जाणार नाही. अपील अजून वर पडून आहे, पण केस सोडणार नाही. माझा बाप जे बोलू शकला नाही ते मी प्रत्येक कोर्टात बोलणार आहे, त्याला आवडो न आवडो.