बर्टशिवाय

मेलबर्नच्या त्या प्रयोगशाळेत ग्लेनिस ट्रेम्बाथ बारा वर्षं एकाच प्रथिनाच्या मागे हात धुऊन लागली होती. त्याचं खरं नाव म्हणजे नुसती अक्षरं आणि आकडे. ती त्याला बर्ट म्हणायची. बर्टशिवाय पेशीच्या दोन पेशी होऊच शकत नाहीत, असं तिने छापून आणलं होतं. बर्टचं जनुक दाबलं की आठवडाभरात पेशी माना टाकत. त्या बर्टवाचून मेल्या की एवढ्या दिवसांत आणखी कशाने, असं विचारणाऱ्याबरोबर ती चहा घेत नसे.

मग नवं औषध आलं. त्याचा एक हात बर्टला धरणार, दुसरा पेशीच्या सफाई खात्याला. दोघांची गाठ पडली की तासाभरात बर्टची विल्हेवाट. म्हणजे खरं-खोटं लगेच कळणार होतं. कसर नको म्हणून ग्लेनिसने औषध सढळ हाताने घातलं.

बर्ट जागचा हलला नाही.

"याला लागूच पडत नाही," ती शेजारच्या टेबलावरच्या दिमित्राला म्हणाली. आवाजात दुःख फारसं नव्हतं.

"किती घातलंस?"

ग्लेनिसने सांगितलं.

"अगं बाई! आमच्या आजीच्या गावात मध्यस्थ फार झाले होते. एक मुलाला धरून बसायचा, दुसरा मुलीला. लग्न लागायचंच नाही."

औषध फार झालं की दोघांची गाठच पडत नाही, हे ग्लेनिसला ठाऊक नव्हतं असं नाही. नव्या पोरांना ती हेच शिकवायची. 'लागू पडत नाही' एवढं लिहून मोकळं व्हायची सोय होती. दिमित्रा तर जेवायला निघूनही गेली. ग्लेनिसने मनातल्या मनात तिला दोन शिव्या हासडल्या आणि शंभरावा हिस्सा औषध घेऊन प्रयोग पुन्हा मांडला.

या वेळी बर्टचा मागमूस उरला नाही.

दुसऱ्या दिवशी दोघी सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यापुढे बसल्या. बर्ट नसलेली एक पेशी गोल झाली, मधोमध आवळली, दोन झाल्या. मग दुसरी. औषध न घातलेल्या पेशींपेक्षा जरा लवकरच.

"आणखी वाट बघायची का, ग्लेन?" दिमित्राने हळूच विचारलं.

"कशाला? छान चाललंय की त्यांचं."

ग्लेनिसला रडू आलं. तिने ते येऊ दिलं. बहिणीच्या दोन्ही लग्नांना ती गेली नव्हती. पेशींना खाऊ कोण घालणार म्हणून. डोळे पुसून तिने फोन काढला.

"कोणाला लावतेस?"

"बहिणीला. सांगते, मी नसते तरी यांचं काही अडलं नसतं."