मुळांच्या तळघरातला बोळा

रोह्याजवळच्या आमच्या शेतकी कॉलेजात एक तळघर आहे. पायऱ्या उतरून गेलं की दोन्ही बाजूंना काचेच्या टाक्या, काचांमागे माती आणि मातीत भाताची मुळं. वर पीक कसं आहे ते कुणी विचारत नाही, खालून बघायचं. पहिल्यांदा उतरताना मला उगाच चपला काढाव्याशा वाटल्या. घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच; कुठे काय काढायचं, अजून नक्की कळत नाही.

माझं काम सोपं होतं. प्रत्येक टाकीच्या बुडाला नळी, नळीखाली बाटली. झिरपलेलं पाणी रोज सकाळी मोजायचं. दिवस चुकला तर ती टाकी पुन्हा पहिल्यापासून, असं सरांनी बजावलं होतं. शेवटचा आठवडा उरला होता. एका काचेखालून मात्र फुकटचं पाणी गळायचं. टाक्यांच्या कंपनीचा माणूस दोनदा पेस्ट लावून गेला, तरी गळायचंच.

त्या आठवड्यात आई आमच्या गावाहून, गडबहून, डबा घेऊन आली. मी कौतुकाने तिला खाली नेलं.

"काय गो, भाताला असा खालून बगतात? लाज नाय वाटत?" मग तिला नळी दिसली. "नि ह्या पानी गलतंय त्याचा काय?"

"गळू द्यायचं असतं, आये. आम्ही ते मोजतो."

"पानी जाऊ द्यायचा नि मोजत बसायचा! यासाठी शिकतंस?"

मी डबा धुवायला वर गेले. तेवढा वेळ तिला पुरला.

दुसऱ्या सकाळी चौथ्या टाकीची बाटली कोरडी. सर गुडघ्यांवर बसले, मी बॅटरी धरली. नळीच्या तोंडात चिखलाचा बोळा, त्यात पेंढ्याच्या काड्या, वर अंगठ्याचा ठसा. आमच्या खारजमिनीत चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, बांधाला बिळं पाडतात. आई ती अशीच बुजवते.

"हे कुणी केलं?"

"माहीत नाही" अगदी ओठांवर आलं होतं. "सर, ते... आईने."

सरांनी बोळा ओढून पाहिला. निघेना. स्क्रू ड्रायव्हर घातला, तो वाकला.

"चौथी टाकी पुन्हा पहिल्यापासून," ते म्हणाले. म्हणजे सुट्टीतही इथेच. मग त्यांनी गळक्या काचेकडे पाहिलं. "आई परत कधी येणार आहेत?"

मी वर जाऊन फोन लावला.

"येतंय," आई म्हणाली. "पन पेंढा तुमी आना."