दामूशेठचा पूल आणि न तुटणारी दोरी

दामूशेठनी खिशातून रुमाल काढला, रुमालातून पूल काढला आणि माझ्या ट्रेमध्ये खण्णकन टाकला.

"डाक्टरीनबाय, तुमचा काम परत वाहून गेला बगा."

बाहेर बाकावर पेशंट बसलेले होते. आतल्या दाराची कडी लागत नव्हती, त्यामुळे ते कायम अर्धं उघडं असायचं. ही बातमी मला आणि त्यांना एकदमच कळली. एक बाई लगेच पर्स उचलून "संध्याकाळी येते हं" म्हणाली. ती आजतागायत आलेली नाही.

पूल म्हणजे ब्रिज. पडलेल्या दाताच्या जागी नकली दात बसवायचा आणि शेजारच्या दोन दातांवर टोप्या चढवून त्याला मध्ये धरून ठेवायचं. तिन्ही एकसंध. आतून धातू, बाहेरून पोर्सलीन, खाली सिमेंट. नीट वापरला तर बरीच वर्षं टिकतो. दामूशेठचा पुढचाच दात गेलेला, म्हणून वरती समोर पूल बसवला होता. बसवला गणपतीच्या आधी. दिवाळीच्या आत तो दुसऱ्यांदा माझ्या ट्रेमध्ये पडला होता आणि या वेळी पोर्सलीनचा एक कोपराही उडाला होता.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. नावं बदलली आहेत, कारण सगळी मंडळी अजून पनवेलातच भेटतात. माझी प्रॅक्टिस नवीन होती. एसटी स्टँडजवळ, मेडिकलच्या दुकानावर. डेंटिस्ट बाई आहे हे लोकांच्या पचनी पडत नव्हतं. पेशंट आत यायचे, माझ्याकडे बघायचे आणि विचारायचे, "दात काढायला डॉक्टर कधी येतील?"

अशात दामूशेठसारखा पेशंट मिळणं म्हणजे लॉटरी होती. चिरनेरच्या अलीकडचं गाव. आधी मिठागरं, मग जमिनी प्रोजेक्टमध्ये गेल्या, मग ट्रक आले. गळ्यात सोन्याचा गोफ, शब्दाला वजन. दामूशेठनी चांगलं म्हटलं तर आख्खी पंचक्रोशी माझ्या खुर्चीत येऊन आ करणार होती. वाईट म्हटलं तर मी बोरिवलीला आईकडे परत जाणार होते. आणि तुळशीचं लग्न झालं की त्यांच्या एकुलत्या एक मुलीचं लग्न होतं. मुलीचा बाप मांडवात बोळक्यानं उभा राहिला असता, तर त्याखाली माझ्या नावाची पाटीच लागली असती.

"काय खाल्लंत?" मी विचारलं.

"काय नाय. भात."

"भातानं पोर्सलीन उडत नाही, दामूशेठ."

"जाडा तांदूल व्हता."

मागच्या वेळी पूल नुसता सुटला होता, तेव्हा मी स्वतःलाच दोष दिला होता. सिमेंट बदललं होतं. पूल बनवणाऱ्या दादरच्या लॅबवाल्याला फोनवर दोन शब्द सुनावले होते, त्यानं मला चार सुनावले होते. या वेळी मी पूल भिंगाखाली धरला. नकली दाताच्या खालच्या कडेला एक बारीक खाच पडली होती. विहिरीच्या काठाला दोर घासून पडते ना, तशी. आणि टोपीच्या कडेला, सिमेंटमध्ये, केसाहून बारीक हिरवा तंतू अडकला होता.

"तुम्ही शिवणकाम करता का?"

दामूशेठ छताकडे बघायला लागले. छतात बघण्यासारखं काही नव्हतं.

कोपऱ्यातल्या स्टुलावर त्यांच्या पत्नी बसल्या होत्या, मंजुळाबाई. इतका वेळ पदराचं टोक चघळत होत्या. आता उसळल्या. "सांगा ना आता! नायतर मी सांगतंय. बाय, दोरी तोडतान ते दातांनी. गलाची दोरी. मी बोंबलून थकली."

मग सगळं बाहेर आलं. दामूशेठना एकच नाद, गळ टाकून जिताडा पकडायचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, जिताडा हा खाडीतला मासा आहे आणि आमच्या रायगडात तो नुसता खात नाहीत, साहेबलोकांना पोचवतातही. एवढी वर्षं दामूशेठ तंगूस वापरायचे, म्हणजे नायलॉनची ती काचेसारखी एकेरी दोरी. गाठ मारली की उरलेलं टोक दातात धरायचं, कट्, संपलं. खाडीवर सगळेच तसं करतात.

पण होणारा जावई विलास बोटीवर इंजिनियर. त्यानं सिंगापूरहून सासऱ्याला नव्या जातीची दोरी आणून दिली. विणलेली. मुलीच्या वेणीत तीन पेड असतात, हिच्यात आठ, आणि जाडी शिवणाच्या दोऱ्याएवढी. ताकद अशी की हातावर गुंडाळून ओढली तर हात कापेल, दोरी तुटणार नाही. आणि गुळगुळीत इतकी की कशाच्याही तावडीत सापडत नाही.

"मग तोडायला दुसरं काही वापरा की."

"सगला वापरून झाला," दामूशेठ म्हणाले.

कोयता वापरला होता. विळी वापरली. दाढीच्या ब्लेडनं दोरी तुटली, पण होडी हलली आणि अंगठाही तुटता तुटता राहिला. बिडीनं जाळून बघितली, तर टोकाला काळी गोळी झाली, ती गळाच्या भोकातून जाईना. मंजुळाबाईंची ब्लाउजची कात्री पळवली होती. दोरी पात्यांमध्ये घडी होऊन बसायची. कशीबशी तुटली की टोक झाडूसारखं पिंजून यायचं. त्या कात्रीवरून घरात जे झालं ते मंजुळाबाईंनी सविस्तर सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही.

"मग तंगूसच वापरा. ही दोरी ठेवून द्या कपाटात."

दामूशेठनी बायकोकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाले, "तुमी जरा भायेर बसता काय?"

मंजुळाबाई बाहेर गेल्या. दाराची कडी लागत नव्हती हे मी वर सांगितलंच आहे.

"विलास सुट्टीवर आला ना, तवा दोगंजन होडीत गेलो," दामूशेठ म्हणाले. "त्याला ती दोरी तुटना. सुरी घासत बसला. मी घेतली, दातात धरली, दोन हिसके मारले, तोडली. पोर बगतच रायला. बोलला, बाबा, या वयात काय दात हायेत तुमचे! दर टायमाला माज्याकडंच देतो. तोडा बाबा, तोडा बाबा." त्यांनी अर्ध्या उघड्या दाराकडे पाहिलं. "त्याला म्हाईत नाय."

"काय माहीत नाही?"

"ह्ये तुमचं हाय म्हनून."

मला हसू येत होतं, पण त्यांचा चेहरा बघून मी ते गिळलं. एवढा मोठा माणूस, ट्रकवाल्यांना दम देणारा. पोर लग्न होऊन जाणार, घर रिकामं होणार. खाडीत होडीवर नव्या पोरानं आपल्याकडे जरा मानानं बघावं, एवढंच त्यांना हवं होतं. त्यासाठी ते माझा पूल पणाला लावत होते. मला वाईट वाटलं. पण पूल माझा होता.

"दामूशेठ, मी पूल दुरुस्त करून बसवणार नाही."

"अरं तिच्या! लगीन हाय!"

"आधी दोरी तोडायची सोय करू. मग पूल. उद्या दोरी घेऊन या."

दुसऱ्या दिवशी दुपारी क्लिनिक रिकामं होतं. ते का रिकामं होतं हे वेगळं सांगायला नको. दामूशेठ हिरव्या दोरीचं रीळ घेऊन आले. एक टोक मी पेशंटच्या खुर्चीच्या हाताला बांधलं, दुसरं दामूशेठनी धरलं. मी ड्रॉवर उघडला. डेंटिस्टकडे कापायची हत्यारं कमी नसतात, आणि त्या दिवशी मला माझा राग कशावर तरी काढायचाच होता.

पहिल्यांदा टाके कापायची कात्री घेतली. बारीक, धारदार. पहिल्या कापाला छान चालली, मी खूश. तिसऱ्या कापाला दोरी पात्यांवरून निसटून पुढे टोकाशी गेली आणि दुमडून बसली. मग तारा कापायचा कटर. वाकडे दात सरळ करायची स्टीलची तार तो लोण्यासारखी कापतो. दोरी त्यानं नुसती चेपून पापड केली. सर्जिकल ब्लेड मात्र अप्रतिम. ताणलेल्या दोरीवर नुसतं टेकवलं की तुटायची, टोकही साफ.

"ह्यो द्या," दामूशेठ म्हणाले.

"हलत्या होडीत? परवा अंगठा, आता नस कापाल. माझ्याकडे नाकाखालचंच रिपेअर होतं."

मग मी एअरोटर उचलला. हे ते चुंई आवाजाचं यंत्र, ज्याच्या भीतीनं लोक दात किडू देतात. का उचलला ते विचारू नका. चिडलेल्या माणसाच्या हातात मशीन देऊ नये. दोरी त्याच्या टोकाच्या फिरत्या सुईवर, म्हणजे बरवर, गुंडाळली गेली, चुंईचं घर्र झालं, दामूशेठच्या हातातलं रीळ उडून थुंकायच्या भांड्यात पडलं आणि यंत्र बंद पडलं. त्याच क्षणी दारातून एक गृहस्थ डोकावले. खुर्चीला दोरी बांधलेली, माझ्या हातात धूर निघणारं यंत्र, समोर घामाघूम दामूशेठ.

"दाढ काढताय का?" गृहस्थांनी विचारलं.

"नाय," दामूशेठ म्हणाले. "मासेमारी."

ते गृहस्थही संध्याकाळी येतो म्हणाले.

बरवरची दोरी सोडवायला मी हाताला लागेल ती कात्री घेतली. ती हिरड्या कापायची होती. हिरडी ओली, बुळबुळीत असते, साध्या कात्रीतून सरकते. म्हणून या कात्रीच्या एका पात्याला अगदी बारीक दाते असतात, करवतीसारखे. दुसरं पातं साधं, धारेचं. कच्च. दोरी तुटली. टोक पिंजलं नाही, चपटं झालं नाही.

मी थांबले. पुन्हा कापून पाहिलं. कच्च. दाते दोरीला जागेवर धरून ठेवत होते आणि दुसरं पातं कापत होतं. बिघाड धारेत नव्हताच, दोरी पळून जात होती. दामूशेठनी माझ्या हातातून कात्री घेतली आणि हातभर दोरीचे तुकडे करून जमिनीवर पाडले. लहान पोरासारखे.

"मी हीच नेतो."

"अजिबात नाही. पण अशीच शोधू."

मी क्लिनिकला कुलूप घातलं आणि आम्ही बाजारात गेलो. कात्र्यांच्या दुकानदारानं आधी शिंप्याची कात्री काढली, हातभर लांब.

"ही घ्या बाई. पत्रा कापते."

"मला एका पात्याला दाते असलेली हवी. छोट्या पात्यांची. आणि स्टेनलेस, खाऱ्या पाण्यात वापरायचीय."

"खाऱ्या पाण्यात काय कापणार?"

दामूशेठनी रीळ काढलं. त्या माणसानं दाखवलेली प्रत्येक कात्री आम्ही त्याच्याच गल्ल्यावर चालवून पाहिली. तो वैतागला. "गिऱ्हाईक आहात का इन्स्पेक्टर?" शेवटी न्हाव्यांच्या सामानात एक सापडली. केस सरकू नयेत म्हणून तिच्याही एका पात्याला बारीक दाते होते. कच्च. साफ. दामूशेठनी ती दोरीनं गळ्यात अडकवली, सोन्याच्या गोफाशेजारी.

"विलासला काय सांगू?"

"सांगा, दातांचं काम आता कात्रीला दिलं. निवृत्त झालो."

लॅबवाल्याला गोड बोलून मी नवा पूल करून घेतला. दामूशेठच्या तोंडात बसवला, आणि दोन्ही हात जोडून त्यांना नमस्कार केला.

लग्नाच्या आठवड्यात एक उंच, रुबाबदार तरुण क्लिनिकमध्ये आला. तोंडावर रुमाल. "विलास," त्यानं नाव सांगितलं. खुर्चीत बसून रुमाल काढला. समोरच्या दाताचा कोपरा गेलेला.

"काय खाल्लंत?" सवयीनं मी विचारलं.

"डॉक्टर, खरं सांगू? आमचे सासरे विणलेली दोरी दातानं तोडायचे. आता म्हणतात निवृत्त झालो, कात्री घेतली. मला वाटलं, म्हातारा माणूस करतो तर आपण का नाही?" तो कसनुसा हसला. तुटलेला दात जास्तच दिसला. "त्यांना कळू देऊ नका प्लीज. त्यांचे ओरिजिनल दात आहेत हो अजून!"

मी मान फिरवून सिमेंट शोधत बसले. त्यात जरुरीपेक्षा जास्त वेळ गेला. मग त्याचा दात भरून दिला आणि बाजारातल्या त्या कात्र्यांच्या दुकानाचा पत्ता.

मांडवात सासरा-जावई शेजारी उभे राहून फोटोला हसले. दोघांच्याही तोंडात माझं काम होतं आणि एकमेकांना पत्ता नव्हता. त्यानंतर दामूशेठनी शब्द टाकला आणि खाडीकडची माणसं माझ्याकडे येऊ लागली. पहिले काही महिने सगळे कात्री विचारायला येत. दात दाखवायला कोणी नाही. दात पुढे हळूहळू आले, तुटले तसे.

या धंद्यात मी एक शिकले. डेंटल कॉलेजात शिकवतात, पेशंटला विचारा, काय खाता. कोणी खरं सांगत नाही आणि सांगितलं तरी उपयोग नसतो. मी विचारते, "दातानं काय काय तोडता?" बाटलीचं झाकण, हुक, वायर, सुतळी. यादी पुरी झाली की मग आ करायला सांगते.