टेकडीवरची न भरणारी टाकी

“वॉचमनच शेजारच्या वाडीला पाणी सोडतोय. दुसरं काही असूच शकत नाही,” रूबेन सर म्हणाले. मी विहिरीच्या काठावर बसून पंपाचा आवाज ऐकत होतो. पंपाचा दोष नव्हता. पंपावर मी कधी खोटा आळ घेत नाही, माणसांवर घेतो.

मी प्लंबर. पस्तीस वर्षं हेच केलं. श्रीवर्धन तालुक्यात असा नळ नाही, जो मला बघून गळायचा थांबला नाही.

आमच्या गावाजवळ, सुपारीच्या वाड्या संपतात तिथे, टेकडीच्या अंगावर ख्रिस्ती मुलांचा कॅम्प आहे. खाली विहीर, माथ्यावर टाकी, मधे डॉर्मिटरी, मेस आणि प्रार्थनेचा हॉल. रूबेन सर तिथले मॅनेजर. बांधकाम, डागडुजी सगळी व्हॉलंटियर करतात. मुंबई-पुण्याच्या चर्चमधून दरवर्षी वेगवेगळ्या बॅचेस येतात, आठवडाभर राहतात, कौलं बदलतात, भिंती रंगवतात, नळ बसवतात. ते गेले की मी जातो आणि नळ पुन्हा बसवतो. एका प्रोफेसरांनी बसवलेला नळ उघडला की शेजारच्या बाथरूममधला शॉवर सुरू व्हायचा. आतला माणूस त्याला चमत्कार समजायचा. देव या लोकांचं भलं करो. माझं तर तो त्यांच्या हातून करतच होता.

तर त्या मे महिन्यात दोन तासांत भरणारी टाकी चार तासांतही अर्धी होईना. तोवर विहिरीचा तळ दिसायचा. सोमवारी नव्वद मुलं येणार, आणि आज शुक्रवार. टँकर मागवावा, तर वाडीतली गल्ली एवढी अरुंद, की दोन म्हशी समोरासमोर आल्या तर एकीला रिव्हर्स घ्यावा लागतो.

“उद्यापर्यंत कारण सापडलं तर ठीक,” सर म्हणाले. “नाहीतर नथूने घरी जायचं.”

नथूकाका बावीस वर्षं तिथे वॉचमन. टोपी हातात धरून बाजूला उभे होते.

“काका, सोडलंत का कुणाला पाणी?”

“न्हाय.”

“मग जातंय कुठं?”

त्यांनी एकदा टेकडीकडे बघितलं. “तुमी मिस्त्री हाव. तुमी हुडका.”

‘माहीत न्हाय’ असं ते म्हणाले नव्हते. पण हे मला संध्याकाळी उमगलं.

विहिरीपाशी पाइप खोलून बघितला. धार अशी, की वाटेत म्हातारा आला असता तर थेट दिवेआगरला पोचला असता. वर टाकीत मात्र शेवईएवढी धार. म्हणजे पाणी मधेच पळत होतं. जमिनीखालचा पाइप फुटला की वरची माती भिजते, पाय रुततो. इथे माती पापडासारखी कोरडी.

मग मी माझी पहार काढली. पंप चालू ठेवून पहार लाइनवर रोवायची आणि वरचं टोक कानाला लावायचं. गळती असेल तिथे लोखंडातून सूं ऐकू येतं. एरवी एका जागी येतं. इथे दर वीस पावलांवर सूं! अख्खी लाइन चर्चमधल्या कॉयरसारखी गात होती.

“खणावं लागेल,” मी जाहीर केलं.

आता, खणायचं म्हटलं की व्हॉलंटियरची कंबर दुखते. जुना नियम आहे. त्या दिवशी मात्र सोमवारच्या तयारीला आलेले वीसच्या वीस जण धावत आले. वेगवेगळ्या बॅचमधली, दरवर्षी न चुकता येणारी जुनी माणसं सगळी. आणि प्रत्येकाची जागा ठरलेली.

“मिस्त्री, त्या चिकूपाशी मी बघतो,” डॅनियल अंकल म्हणाले. बँकेतून रिटायर झालेले गृहस्थ. कुदळ त्यांनी बाळासारखी छातीशी धरली होती.

“जांभळाखाली काही नाही हं,” शीलाताई घाईने म्हणाल्या. त्यांचा जन्म नर्सिंगमध्ये गेलेला. “मी स्वतः बघितलंय.”

“कधी बघितलंत?”

“असंच... मागे.”

मी मान वर केली. कॅम्पची एक पद्धत आहे. घरी जाण्याआधी प्रत्येक बॅच एक झाड लावते आणि त्याच्या बुंध्याशी वर्ष लिहिलेला दगड ठेवते. पण रूबेन सरांचा नियम कडक. मार्चपासून झाडांना थेंब नाही, आधी मुलांचं पिणं. ऑफिससमोरच्या स्वतःच्या फणसालाही त्यांनी तोच नियम लावला होता. फणसाची पार काठी झाली होती. आणि इथे आमच्या लाइनच्या कडेने अकरा झाडं, हळदीतल्या नवरीसारखी तुकतुकीत!

मी कुदळ अंकलच्या हातातून घेतली आणि चिकूखाली खणलं.

दीड फुटावर मेन पाइपला टी होता. टी म्हणजे एका पाइपमधून दुसरी फांदी काढायचा सांधा. त्यातून बारीक काळी नळी निघून मुळाशी पुरलेल्या मडक्यात गेली होती. मडक्याबाहेर आलेलं पाणी खालचा जांभा दगड पिऊन टाकायचा. वर ओल येणार कुठून? आणि तो सांधा! एक थेंब बाहेर नाही. मी चष्मा पुसून पुन्हा बघितला.

“कोणाचं काम हे?”

अंकल जमिनीकडे बघत म्हणाले, “माझं. पण एकच आहे हो. एका झाडाला असं कितीसं पाणी लागतं?”

“तुम्हीपण?” शीलाताई ओरडल्या आणि मग त्यांनी तोंडावर हात ठेवला.

त्यांच्या जांभळाला तर सलाइनची नळी होती, थेंब कमी-जास्त करायच्या चाकासकट. त्यानंतर कबुलीजबाबांची रांग लागली. संध्याकाळपर्यंत अकरा टी उघडे पडले. प्रत्येकाला वाटत होतं, चोर आपण एकटेच.

सर खड्ड्यांच्या रांगेकडे बघत राहिले. मी नथूकाकांकडे वळलो.

“काका, तुम्हाला माहीत होतं?”

“व्हय.”

“मग बोलला का नाहीत? नोकरी चालली होती तुमची!”

“अकरा जनांनी येगयेगलं येऊन सांगितलं, काका, झाडावर लक्ष ठेवा, पन कुनाला बोलू नका. येकाचा शबूद असता तर मोडलाबी असता. अकरांचा कसा मोडू?”

रूबेन सर चालत काकांसमोर गेले. सगळ्यांच्या देखत म्हणाले, “काका, माझं चुकलं.”

“ऱ्हाऊ द्या,” काका टोपी घालत म्हणाले. “तुमच्या फनसाला आदी पानी द्या.”

शनिवारी अकराही टी बंद केले. टाकी दोन तासांत भरली आणि वर सांडली. रविवारी मी मेसमधल्या हात धुण्याच्या पाण्याची वेगळी लाइन झाडांकडे नेली. अकरा मडकी होती तीच, बारावं फणसापाशी पुरलं. चावीचा व्हॉल्व्ह नथूकाकांच्या ताब्यात दिला. खणणं आणि सांधे सगळे व्हॉलंटियरांनी केले. मी सावलीत बसून चुका शोधल्या. एकही सापडली नाही. सोमवारी मुलं आली आणि त्यांनी जेवणाआधी एवढे हात धुतले, की फणस दचकला असेल.

गळती शोधताना आधी ओल बघावी, असं मला माझ्या उस्तादाने शिकवलं होतं. आता मी आधी हिरवं बघतो. आणि व्हॉलंटियरकडून नळ नीट बसवून हवा असेल, तर त्याला तो बसवायला सांगू नये. सक्त मनाई करावी.